व्यासपीठाला रॅम्प का नसतो?

विद्यापीठातल्या एखाद्या विभागाने राष्ट्रीय चर्चासत्र घ्यायचे ठरवले की पहिल्या बैठकीत काय होते, हे महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना सांगायला नको. तारीख ठरते. बीजभाषणाला कोणाला बोलवायचे यावर खल होतो. कुलगुरूंची वेळ मागितली जाते, सभागृहाचे आरक्षण होते आणि मग नोंदणी, भोजन, निवास, स्मरणिका, मंचव्यवस्था अशा समित्या पडतात. येणाऱ्या सगळ्यांना आत शिरता येईल का, बसता, ऐकता, वाचता आणि बोलता येईल का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र बहुतेक वेळा कोणाच्याच नावावर नसते. प्रश्न निघालाच तर तो उद्घाटनाच्या सकाळी दारात निघतो. त्याचे उत्तर ठरलेले असते: चार मुले उभी करू, खुर्चीसकट उचलून आत नेऊ.

या उत्तरामागची आपुलकी खरी असते. पण उचलून नेलेला माणूस आपल्या मनाने बाहेर येऊ शकत नाही. पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला, दुसऱ्या दालनातला निबंध ऐकायला त्याला दर वेळी पुन्हा चार मुले शोधावी लागतात. बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर ती एकटीच चाळीस-पन्नास किलोंच्या पुढे जाते आणि उचलणाऱ्यांचा एक पाय घसरला तरी बसलेल्याचे हाड मोडू शकते. ज्येष्ठ प्राध्यापक, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या संशोधक, पोलिओनंतर कॅलिपर लावून चालणारे विद्यार्थी यांतले बरेच जण या उचलाउचलीच्या धास्तीने निबंध पाठवतच नाहीत. ते आले नाहीत म्हणून त्यांची अडचण दिसत नाही, आणि अडचण दिसत नाही म्हणून पुढच्या वर्षीही तेच सभागृह घेतले जाते.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. १९९५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली मंजूर झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी इमारत, आवार आणि सोयी सर्वांना वापरता येतील अशा ठेवायच्या, हे कलम १६ सांगते. एखाद्याला गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणे हा या कायद्याने भेदभाव ठरतो. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुधारण्यासाठी नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली.

तरीही काम अडले, त्याचे एक कारण नियमांच्या भाषेतच होते. राजीव रतूडी या अंध कार्यकर्त्याने सार्वजनिक ठिकाणे सुगम्य करावीत म्हणून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. हैदराबादच्या नाल्सार विधी विद्यापीठातील दिव्यांगत्व अभ्यास केंद्राचा अहवाल न्यायालयापुढे होता. कायदा सक्तीची भाषा बोलतो, पण नियम १५(१) मुळे सारी मानके निव्वळ शिफारशी होऊन बसली आहेत, असे म्हणत न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तडजोड न करता पाळायची किमान मानके वेगळी काढून सक्तीची करा, असे केंद्राला सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाचीही २०२२ पासून स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नॅकच्या मूल्यांकनात सातव्या निकषाखाली रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, वाचक आणि लेखनिक यांची विचारणा होते. तिथे पुरावा म्हणून छायाचित्रे जोडायची असतात. परिणाम असा की पुष्कळ ठिकाणी रॅम्प छायाचित्रापुरता झाला: मुख्य दाराशी, पिवळ्या पट्ट्या मारलेला, एकच.

त्या दारातून आत गेल्यावर काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. माझ्या मते तो व्यासपीठापाशी सर्वांत स्पष्ट दिसतो.

नव्याजुन्या सभागृहांत व्यासपीठ साधारण पाऊण ते एक मीटर उंच असते. वर जायला बाजूच्या विंगेत पाच-सहा अरुंद पायऱ्या, बऱ्याचदा कठड्याशिवाय. देशात प्रमाण मानला जाणारा रॅम्पचा चढ १:१२ आहे, म्हणजे एक हात चढायला बारा हात लांबी. व्यासपीठ ९० सेंटीमीटर असेल तर रॅम्प १० मीटर ८० सेंटीमीटर लांब हवा, आणि मध्ये दम घ्यायला सपाट जागा हवी ती वेगळीच. आदल्या रात्री मांडववाल्याकडून ठोकून घेतलेल्या दोन मीटरच्या फळीवरून खुर्ची वर ढकलताना ती मागे उलटण्याची भीती असते, आणि उतरताना ती आवरत नाही. वर पोचलेच तर पोडियम असतो. तो उभ्या माणसासाठी बनवलेला, माइकची मान तितक्याच उंचीवर. खुर्चीत बसलेला किंवा कमी उंचीचा वक्ता त्याच्या मागे पूर्ण झाकला जातो. मग त्याला सांगतात, "सर, तुम्ही खालूनच बोला." बाकीचे सगळे वरून बोलतात.

संस्था प्रवेशदाराला रॅम्प करते आणि व्यासपीठाला करत नाही, तेव्हा दिव्यांग माणूस श्रोता म्हणून येईल एवढेच तिने गृहीत धरलेले असते. तो अध्यक्ष असेल, बीजभाषण करील, विद्यार्थ्यांच्या निबंधांवर निवाडा देईल, ही शक्यता आराखड्यात येतच नाही. हे चित्र बदलायला फार पैसाही लागत नाही. ज्या सभागृहात खुर्च्या पायरीपायरीने मागे चढत जातात, तिथे व्यासपीठाची गरजच नसते. वक्त्यांचे टेबल खाली सपाटीवर मांडले तर शेवटच्या रांगेलाही दिसते. सपाट दालन असेल तर सगळेच वक्ते खाली बसवावेत. एकट्याला खाली बसवणे हाच तर अपमान आहे. पोडियमऐवजी टेबल आणि लॅपेल माइक पुरतो. दीपप्रज्वलनाची समई जमिनीवरच ठेवायची असते, ती सगळ्यांच्या पातळीवर ठेवावी.

एक जुनी घटना इथे सांगायला हवी. जानेवारी २००१ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'स्ट्रिंग्ज २००१' ही भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि तिला स्टीफन हॉकिंग आले. याच दौऱ्यात ते दिल्लीला गेले. कुतुबमिनार आणि जंतरमंतर यांसारख्या स्मारकांत त्यांची खुर्ची जावी म्हणून पुरातत्त्व खात्याने लाकडी रॅम्प टाकले. तेही दिव्यांग हक्कांसाठी लढणाऱ्या जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला म्हणून. हॉकिंग गेले आणि रॅम्पही गेले. पाहुणा जगप्रसिद्ध असेल तर सोय रातोरात होते, याचा हा पुरावा आहे. ती आपल्याच विद्यार्थ्यासाठी टिकवायची नसते, असे तेव्हा कोणाला तरी वाटले असणार.

जुन्या वास्तूंची अडचण खरी आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातले दीक्षान्त सभागृह सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावर १८७४ मध्ये पूर्ण झाले, आणि तो परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान. अशा दगडाला मनाला येईल तशी छिन्नी लावता येत नाही आणि लावूही नये. पण दगडात एक खिळाही न ठोकता बसणारे, काम झाल्यावर काढून ठेवता येणारे रॅम्प बनवता येतात. आणि तेही शक्य नसेल तिथे दीक्षान्त समारंभाची हौस वेगळी ठेवून निबंधवाचनाची सत्रे दुसऱ्या इमारतीत घेता येतात.

खरी तक्रार करायची तर ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारतींबद्दल करावी लागेल. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून आपल्याकडे जोते उंच ठेवतात. कोकणात, मुंबईत त्याला पर्यायही नाही. पण जोते उंच ठेवताना चढाची जागा नकाशातच सोडायची असते. ती सोडलेली नसते म्हणून नंतर कोपऱ्यात उभा चढ काढला जातो, त्यावर गुळगुळीत ग्रॅनाइट बसते आणि जूनमध्ये त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. अंधांना पायाखाली वाट कळावी म्हणून लावलेल्या पिवळ्या उठावदार फरशा कुंडीपाशी किंवा दुचाकींच्या रांगेत जाऊन थांबतात. लिफ्ट असते, पण वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, हे कोणी तपासलेले नसते. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते, किल्ली शिपायाकडे असते आणि आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे किंवा मोडक्या खुर्च्या असतात. ९० सेंटीमीटरचे दार, आत खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, भिंतीला घट्ट बसवलेला दांडा आणि बसून हाताला लागेल अशी कडी, इतके असले तरी निम्मे काम झाले. निमंत्रकाने ते आठवडाभर आधी स्वतः उघडून पाहावे.

श्रवणाचा मुद्दा मात्र इमारतीइतकाही चर्चेत येत नाही. आपल्याकडे वक्ता माइक बाजूला सारून विचारतो, "माझा आवाज पोचतोय ना सगळ्यांना?" मागून "हो" येते. ज्यांना पोचत नाही त्यांना प्रश्नच ऐकू आलेला नसतो. श्रवणयंत्र लावणाऱ्याला पंख्यांच्या घरघरीतून, उंच छताच्या घुमणाऱ्या दालनात माइकविना बोललेले वाक्य तुटक ऐकू येते. म्हणून माइक प्रत्येकाने वापरायचा, प्रश्न विचारणाऱ्यानेही. फिरता माइक पोचायला वेळ लागत असेल तर अध्यक्षांनी प्रश्न पुन्हा मोठ्याने सांगायचा. याला एक रुपयाही लागत नाही. स्लाइडवर बोट दाखवून "हे तुम्हाला दिसतेच आहे" म्हणणाऱ्या वक्त्यालाही थांबवायला हवे. समोर अंध संशोधक बसलेला असू शकतो. तक्त्यातला कोणता आकडा वाढला, छायाचित्रात काय आहे, हे एका वाक्यात बोलून सांगितले की बाकीच्या श्रोत्यांचेही भले होते.

कर्णबधिर संशोधकांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी लागतात. दिल्लीत यासाठी २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०२१ मध्ये त्याने दहा हजार शब्दांचा कोश पूर्ण केला. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तरी प्रशिक्षित दुभाष्यांची चणचण आहे आणि आयोजकांना या कामाची कल्पना नसते. एकच दुभाषी दिवसभर हात हलवत उभा राहू शकत नाही. दोघे आळीपाळीने काम करतात, तेव्हा कुठे अर्थ नीट पोचतो. निबंध त्यांना आधी द्यावे लागतात, कारण 'उत्तर-संरचनावाद' किंवा 'भूजल पुनर्भरण' हे शब्द ऐनवेळी हातांत येत नाहीत. स्लाइडसाठी दिवे मालवले की दुभाषी अंधारात जातो. त्याच्यावर एक छोटा दिवा ठेवावा लागतो. बोलणे ऐकून पडद्यावर आपोआप अक्षरे उमटवणारी साधने आता हाताशी आहेत आणि ती वापरावीतच. पण मराठी-इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या आपल्या वक्त्यांपुढे आणि विशेषनामांपाशी ती अडखळतात. त्यांना दुभाष्याच्या जागी बसवू नये.

मराठीतल्या चर्चासत्रांची एक खास अडचण कागदपत्रांची आहे. अंध वाचक संगणकावर स्क्रीन रीडर वापरतात. एनव्हीडीए हा मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. मात्र तो अक्षरामागचा संकेत वाचतो, त्याचा आकार त्याला दिसत नाही. आपल्या छापखान्यांत आणि विभागांत अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये मजकूर जुळवला जातो. त्यात पडद्यावर 'संशोधन' दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. स्क्रीन रीडर तीच वाचतो, आणि ऐकणाऱ्याला स्वल्पविराम, कंस आणि तुटक इंग्रजी अक्षरांची माळ ऐकू येते. आयएसबीएन घेऊन छापलेली, पानोपानी कष्ट घेतलेली स्मरणिका त्याच्यासाठी कोरीच राहते. निमंत्रणाचेही तेच. व्हॉट्सॲपवर फिरणारे सुबक निमंत्रण हे चित्र असते. त्यातली तारीख, नोंदणीचा दुवा, निबंध पाठवण्याची मुदत यांपैकी काहीच ऐकू येत नाही. चित्राखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकून पाठवणे पाच मिनिटांचे काम आहे. निबंध मागवतानाच युनिकोडची अट घालणे हे त्याहून मोठे, कारण त्याने सगळे इतिवृत्तच वाचनीय होते. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून काम करते आहे, त्यामुळे हे ज्ञान महाराष्ट्राबाहेरून आणायचीही गरज नाही.

न दिसणाऱ्या अडचणी आणखी मागे पडतात. कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्या मुली-मुले आता पीएच.डी. करतात. पाणी कमी पडले किंवा थंडी लागली तर सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. कडक वातानुकूलित सभागृहात सकाळी दहापासून चार तास एकाच जागी बसवणे, उद्घाटन लांबल्याने चहाची सुटी रद्द करणे, बाटल्या नेऊ न देणे हे अशा रुग्णासाठी आजाराला आमंत्रण असते. जवळ एखादी शांत खोली, पलंग नाही तरी सतरंजी, आणि छापलेल्या वेळेला खरोखर होणारी सुटी, एवढीच ही सोय. आपली उद्घाटने लांबतात ती सत्कारांमुळे. शाल-श्रीफळांची संख्या कमी करणे हीसुद्धा सुगम्यतेची उपाययोजना आहे, असे मी गंभीरपणे म्हणतो.

जेवणाबद्दल एवढेच: उभ्याने घ्यायच्या बुफेत कुबड्या वापरणाऱ्याचे दोन्ही हात आधीच गुंतलेले असतात, आणि पांढऱ्या काठीने चालणाऱ्याला दहा भांड्यांतले वरण कुठले हे कळत नाही. काही टेबले मांडून तिथे वाढण्याची पद्धत ठेवावी. वाढपी आपल्याकडे असतातच. निवासासाठी तळमजल्यावरच्या दोन खोल्या आधीच राखून ठेवाव्यात आणि त्या उद्घाटकांच्या वाहनचालकांना देऊ नयेत.

दूरस्थ सहभागाने २०२० नंतर बरेच काही शिकवले. घराबाहेर पडणे अवघड असलेल्या अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा राष्ट्रीय चर्चासत्रांत निबंध वाचले. प्रत्यक्ष सभा सुरू होताच ती दारे बंद झाली, आणि ती पुन्हा उघडायला हवीत. पण इमारतीची दुरुस्ती टाळण्याची पळवाट म्हणून त्यांचा वापर होऊ नये. चर्चासत्रातले अर्धे काम चहाच्या वेळी होते. मार्गदर्शक तिथे भेटतात, नोकरीची चौकशी तिथे होते.

बाहेरच्या जगात सगळे सुरळीत आहे अशातला भाग नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत इस्राएलच्या ऊर्जामंत्री करीन एलहरार यांची चाकाची खुर्ची आत जाऊ शकली नाही आणि त्यांना त्या दिवशी परतावे लागले. मंत्र्याची ही गत, तर विद्यार्थ्याचे काय विचारावे. फरक एवढाच की तिथे अनुभव लिहून ठेवण्याची जुनी सवय आहे. अमेरिकेतल्या विज्ञान प्रगती संघटनेने, एएएएसने, सभा अडथळ्यांविना कशा भरवाव्यात याची मार्गदर्शिका १९७६ मध्येच काढली होती. आपल्याकडे प्रत्येक विभाग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

पैशांचे उत्तर सोपे आहे. चर्चासत्राच्या अंदाजपत्रकात प्रवासखर्च, मानधन, भोजन, छपाई यांची खाती असतात, सोयींचे खाते नसते. खाते नाही म्हणून खर्च नाही, आणि खात्याविना खर्च केला तर लेखापरीक्षकाचा आक्षेप येईल या धाकाने दुभाषी नाही. अनुदान देणाऱ्या संस्थांनी अर्जातच हे खाते सक्तीचे करावे आणि सभागृहाची माहिती भरल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये. दोन ओळींच्या या अटीचा परिणाम दहा परिपत्रकांहून जास्त होईल. आयोजन समितीत एक तरी दिव्यांग प्राध्यापक किंवा विद्यार्थी असावा, आणि सभागृह पाहायला जाताना त्याला सोबत न्यावे. आराखड्यात न दिसणारा उंबरठा त्याला दिसतो.

आणि यंदा चर्चासत्र घेणाऱ्या प्रत्येक निमंत्रकाला माझी एक विनंती आहे. निमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या नावांखाली चार ओळी छापा: दाराला पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, वापरता येणारे स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर, आणि सोयीसाठी कोणाला कोणत्या तारखेपर्यंत फोन करायचा. नोंदणीच्या अर्जात दाखला मागू नका, "तुम्हाला काय लागेल?" एवढेच विचारा. जे नाही ते नाही म्हणून स्पष्ट छापा. माहिती हाती असली की येणारा माणूस आपली तयारी करून येईल, आणि न छापता येण्याजोग्या ओळी किती आहेत हे विद्यापीठाच्याही लक्षात येईल.